गाडीतली पेटी: आधी रक्त थांबवता आलं पाहिजे

रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्यात गेलात, तर शॉप फ्लोअरच्या भिंतीवर क्रॉसचं चिन्ह असलेली पांढरी पेटी दिसते. तिच्या शेजारी प्रशिक्षित प्रथमोपचारकांची नावं लावलेली असतात, बऱ्याच ठिकाणी फोटोसुद्धा. यामागे कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ४५ मध्ये दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस असला पाहिजे, असं घालून दिलं. पाचशेच्या वर कामगार असतील तर वेगळा प्रथमोपचार कक्षही हवा. बोट मशीनमध्ये गेलं, तर दोन मिनिटांत कुणीतरी जाणता माणूस धावत येईल, एवढी तरी ही सोय आहे.

तोच कामगार शिफ्ट सुटली की गेटबाहेर येतो, मोटारसायकल काढतो आणि पुणे-नगर रस्त्याला लागतो. या रस्त्यावर कंपन्यांचे कंटेनर असतात, कामगारांच्या बस असतात, महागणपतीचं दर्शन घेऊन पुढच्या गणपतीला निघालेल्या अष्टविनायकवाल्यांच्या गाड्या असतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्याही याच वाटेवर येतात. ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला असतो, नाहीतर तो मुळात लावलेलाच नसतो. रात्री अकरानंतर शिरूरकडून न्हावऱ्याकडे किंवा चौफुल्याकडून पाटसकडे गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. समोरून येणाऱ्याचा प्रकाश डोळ्यांवर पडतो आणि पुढे काळोखात उभी असलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातली १५,२२४. देशभरच्या मृतांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. म्हणून चारचाकीत जी पेटी ठेवायची, ती आपल्या पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यासाठी आहे असं समजून भरली तर ती अर्धीच भरली जाते. कारखान्याच्या भिंतीवरची पेटी गेटच्या आत राहते. गेटबाहेर पडलेल्या त्या मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला येणारी पेटी मागून येणाऱ्या अनोळखी गाडीतली असते. ती तुमची असू शकते.

आता आपल्या गाडीत असलेली पेटी उघडून पाहा. नवी चारचाकी विकताना तिच्यासोबत प्रथमोपचार पेटी आणि धोक्याचा लाल त्रिकोण द्यावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, त्यामुळे ती बहुतेकांकडे असते. शोरूममधून गाडी आली त्या दिवसापासून ती बहुतेक वेळा स्टेपनीजवळ तशीच, प्लास्टिकच्या वेष्टणात पडून असते. आत जंतुनाशक मलमाची छोटी ट्यूब, चार-सहा चिकटपट्ट्या, गॉजचे एक-दोन तुकडे, एक क्रेप बँडेज. भाजी चिरताना बोट कापलं तर हे पुरेल. ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आपटून मांडी फाटलेल्या माणसाला यातलं जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही.

कारण अपघातात सगळ्यात घाईचं काम रक्ताचं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव धोक्यात येतो. मांडीतली मोठी रोहिणी फाटली, तर त्याला काही मिनिटं पुरतात. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती कितीही वेगाने आली तरी मिनिटांच्या हिशोबात पहिली पोचत नाही. पहिला पोचतो तो मागून येऊन गाडी थांबवणारा माणूस. रांजणगावहून पुणे सुमारे ५० किलोमीटर आहे. शिरूर जवळ असलं तरी मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली की बहुतेकांना पुण्याचीच वाट धरावी लागते आणि वाघोलीपासून पुढे वाहतूक कशी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा सगळा वेळ रक्त अंगातच राहिलं पाहिजे.

म्हणून पेटीत सर्वांत जास्त जागा गॉजला द्यावी. मेडिकलमध्ये गॉजचं मोठं थान मिळतं, शिवाय सुट्या वेष्टणातले जंतुविरहित तुकडेही मिळतात. दोन्ही भरपूर घ्या. चार आणि सहा इंची रुंद क्रेप बँडेजचे तीन-चार गुंडाळे घ्या. कापूस नको. त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात आणि नंतर डॉक्टरांना ते वेचत बसावं लागतं. नायट्राइलचे हातमोजे चार-पाच जोड ठेवा आणि ते पेटीत सगळ्यात वर ठेवा, कारण दुसऱ्याच्या रक्ताला हात लावण्याआधी ते घालायचे असतात आणि तळाशी असले तर कुणी ते शोधत बसत नाही.

रक्त थांबवायची रीत सोपी आहे, पण ती करताना मन घट्ट लागतं. जखम दिसेपर्यंत कपडा कापायचा. गॉजची घडी थेट रक्त येतंय तिथे ठेवायची आणि दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ करून, अंगाचा भार देऊन दाबायचं. जखम खोल असेल तर गॉज वर नुसतं ठेवून चालत नाही, बोटाने ते आत, तळापर्यंत कोंबावं लागतं, पोत्यात धान्य ठासतात तसं, आणि मग वरून दाबायचं. जांघेत किंवा काखेत जखम असेल तर तिथे पट्टा बांधता येत नाही, अशा ठिकाणी हे ठासणंच जीव वाचवतं. दाब किमान दहा मिनिटं सोडायचा नाही. थांबलं का म्हणून मधेच उचलून पाहिलं की नुकती धरू लागलेली गुठळी निघून येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. गॉज भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं आणि जास्त जोराने दाबायचं. मग क्रेप बँडेजने करकचून बांधायचं.

आपल्याकडे अशा वेळी आजूबाजूचे लोक मदतीलाच धावतात. कुणी हळद आणतं, कुणी चहाची पावडर, कुणी जखमेवर तंबाखू लावतं. हेतू चांगला असतो, पण या कशानेही वाहतं मोठं रक्त थांबत नाही, जखम मात्र घाण होते. डेटॉलची बाटली अशा जखमेवर ओतायचीही गरज नाही. ते काम इस्पितळाचं. गाडीत काहीच नसेल तर अंगावरचं उपरणं, टॉवेल, ओढणी, असेल ते धुतलेलं कापड घ्या आणि दाबा. दर्शनाहून परतणाऱ्या प्रत्येक गाडीत असं कापड असतंच. स्वच्छ कापड नसेल तर मळकं घ्या. जंतुसंसर्गावर पुढे औषध आहे. सांडलेलं रक्त मात्र रस्त्यावरून परत गोळा करता येत नाही.

हाता-पायातलं रक्त दाबूनही थांबत नसेल, उडत असेल, किंवा अवयव तुटलाच असेल, तर टूर्निकेट. रुंद पट्टा, त्याला एक दांडी, ती पिळायची आणि अडकवायची, एवढंच ते साधन. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती याने १७१८ मध्ये स्क्रूने आवळायचं टूर्निकेट केलं होतं. मधल्या काळात त्याला वाईट दिवस आले, कारण 'पट्टा आवळला की पाय कापावा लागतो' अशी समजूत डॉक्टरांमध्येही पसरली होती. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकी सैन्याने प्रत्येक सैनिकाला ते दिलं आणि वेळेवर लावलेल्या पट्ट्याने अनेक जीव वाचतात, सुमारे दोन तासांपर्यंत अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही, हे अनुभवातून पक्कं झालं. २०१५ मध्ये अमेरिकेत सामान्य नागरिकांना रक्त थांबवायला शिकवणारी मोहीमही सुरू झाली.

लावायचं कसं? जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, चार बोटं अंतर सोडून. गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीच नाही, सांध्याच्या वरच्या बाजूला. पट्टा आधी हाताने होईल तितका खेचून घ्यायचा आणि मग दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. त्या माणसाला भयंकर दुखेल, तो ओरडेल, सोडा म्हणेल. सोडायचं नाही. जाड मांडीला एकाने भागलं नाही तर त्याच्या वर दुसरं लावायचं. लावल्याची वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहायची, म्हणून पेटीत एक मार्कर पेन हवं. दर वीस मिनिटांनी थोडं ढिलं करा असं पूर्वी शिकवलं जायचं. आता तसं करू नये असंच सांगतात. एकदा बसलं की ते डॉक्टरांनीच काढायचं.

इथे खरेदीची एक सूचना आवर्जून करतो. ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारे पट्टे बहुतेक नकली असतात. दिसायला हुबेहूब, पण पिळताना दांडी वाकते किंवा तुटते, तीही नेमकी जास्तीत जास्त जोर लागतो तेव्हा. खरं साधन काही हजारांना पडतं. तेवढे पैसे नसतील तर स्वस्तातला नकली पट्टा घेण्यापेक्षा तेच पैसे गॉजला घाला आणि दाबायची रीत शिका. मोठ्या शहरांत रक्त लवकर गोठवणारं गॉजही मिळतं. कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचं असं ड्रेसिंग 'ॲक्झिओस्टॅट' नावाने भारतातच बनतं. परवडत असेल तर एक ठेवावं. साधं गॉज आणि दोन तळहात यांच्या नंतरची ती पायरी आहे.

टूर्निकेटचा पट्टा एका ठिकाणी मात्र अजिबात वापरू नये. ऊसतोडीच्या दिवसांत या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावण्याच्या घटना घडतात आणि पहिली प्रतिक्रिया असते ती वर करकचून बांधण्याची. सर्पदंशाला आवळपट्टी नको, कापणं नको, चोखणं नको. चावलेला हात-पाय न हलवता लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. अंगठ्या, बांगड्या, पैंजण मात्र सूज येण्याआधी काढून घ्यायचे.

कपडे कापायला बोथट टोकाची, भक्कम कात्री हवी. जीन्स, चामडी पट्टा, सीटबेल्ट सहज कापेल अशी. घरातली कात्री जीन्सच्या शिवणीवर अडकते आणि तिचं टोक जखमीलाच लागू शकतं. डोक्याला लावायची बॅटरी ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलची बॅटरी कुणीतरी धरून उभं राहावं लागतं आणि तो धरणारा नेमका दुसरीकडे बघत असतो. चमकदार फॉइलचं ब्लँकेट हाताच्या मुठीएवढं असतं. बरंच रक्त गेलेल्या माणसाचं अंग उन्हाळ्यातही थंड पडतं आणि अंग थंड पडलं की रक्त गोठायचं काम मंदावतं. म्हणून त्याला पांघरूण घालणं हाही उपचारच. त्रिकोणी पट्ट्या तीन-चार ठेवा, हात गळ्यात अडकवायला. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला खास फळी लागत नाही. घडी घातलेलं वर्तमानपत्र किंवा खोक्याचा जाड पुठ्ठा चालतो, आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर पुठ्ठ्याला तोटा नाही. भाजलं असेल, अंगावर रसायन पडलं असेल, तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, बर्फ नको. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीच्या बाजूने रोज जाणाऱ्यांनी गाडीत पाच-सहा लिटर पाणी ठेवावंच.

काय ठेवू नये, हेही सांगायला हवं. सुया, टाके घालायचं सामान, सलाइनचे सेट, वेदनाशामक इंजेक्शनं. हे सगळं भरलेले 'ट्रॉमा किट' बाजारात आहेत आणि ते पाहून माणूस भारावतो. शिकल्याशिवाय त्यातलं काही हाताळू नये. अनोळखी जखमीला तोंडाने गोळीही द्यायची नाही. ॲस्पिरिन तर नाहीच, त्याने रक्तस्राव वाढतो. आणि पाणी. अपघात झाला की गर्दीतून पहिला आवाज येतो तो 'पाणी पाजा' असा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जातं, शिवाय पुढे भूल द्यायची असेल तर भरलेलं पोट धोक्याचं ठरतं. ओठ ओले करा, धीर द्या, नाव विचारत राहा. पण घोट देऊ नका.

तो श्वास घेतोय पण बेशुद्ध आहे, तर मान आणि डोकं एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी आली तरी घशात जाणार नाही. श्वासच नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब. गाडीत अडकलेल्याला ओढून काढू नका, आग लागत नसेल तर. त्याच्या मानेत काय मोडलंय हे बाहेरून कळत नाही. अंगात घुसलेली सळई, काच उपटू नका. तिच्या भोवती गॉजचे गुंडाळे लावून ती हलणार नाही असं करा.

हे सगळं करायला तुम्ही स्वतः उभे राहिला पाहिजेत, आणि रात्री मदतीला उतरलेला माणूसच दुसऱ्या गाडीखाली जातो असं घडतं. म्हणून त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट हा पेटीचाच भाग समजा. जॅकेट डिकीत नको, चालकाच्या सीटच्या मागच्या खिशात, उतरण्याआधी अंगात घालता येईल असं. आपल्याकडे बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाची फांदी ठेवायची रीत आहे. ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात, पुढच्या मोटारसायकलवाल्यासाठी. त्रिकोण मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा, मोठ्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.

पेटी ठेवायची कुठे? मागून धडक बसली की डिकीचं झाकण उघडत नाही. सीएनजी गाडीत तर डिकीत टाकीच असते आणि तिच्यावर सामान रचलेलं. पुढच्या सीटखाली, पट्ट्याने अडकवून ठेवा. सुटी ठेवली तर धडकेत ती उडून लागते. शिरूर-दौंडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतली हवा त्याहून खूप जास्त तापते. चिकटपट्टीचा गोंद वितळून वेष्टणाला लागतो, मलमातलं तेल वेगळं होतं, हातमोजे चिकट होऊन ओढताना फाटतात. म्हणून औषधं जास्त ठेवूच नका, कापडी सामान ठेवा आणि हातमोजे दर उन्हाळ्यानंतर बदला.

थांबायची भीती वाटते ती जखमेपेक्षा चौकशीची. ती आता बाळगायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत केली आणि तरी जखमी दगावला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. रुग्णालय तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही. २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचाराची केंद्राची योजना आहे आणि गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्या 'राहवीर' नागरिकाला २५ हजार रुपयांचं बक्षीसही. १०८ ला फोन करताना घाबरून नुसतं 'नगर रोडला' म्हणू नका. कोंढापुरीच्या अलीकडे की पलीकडे, कारेगावच्या चौकापासून किती, पुण्याकडे जाणारी बाजू की नगरकडची, जखमी किती, शुद्धीवर किती, एवढं सांगा.

जर्मनीत प्रत्येक मोटारीत ठरलेल्या मानकाची पेटी असावी लागते आणि वाहन परवान्याआधी प्रथमोपचाराचा वर्ग पुरा करावा लागतो. आपल्याकडे पेटी गाडीबरोबर येते, वर्ग येत नाही. परवान्याच्या परीक्षेत ही रीत यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉसचे वर्ग आहेत. आणि रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी, कुरकुंभ या पट्ट्याकडे तर इतरांकडे नसलेली एक गोष्ट आहे. कारखान्यांच्या नियमामुळे इथे प्रमाणपत्र घेतलेले प्रथमोपचारक आधीच आहेत, आणि ते रोज याच रस्त्याने ये-जा करतात. कंपन्यांनी त्यांच्या हाती एकेक नीट भरलेली पेटी द्यावी, त्यांच्या गाडीत ठेवायला. कामगारांच्या प्रत्येक बसमध्ये एक ठेवावी आणि बसचालकाला वर्गाला बसवावं. कंपनीच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच दिवशी सीटखालची पेटी उघडा. गॉजची वेष्टणं फाटली आहेत का पाहा, तारखा वाचा, हातमोजे ओढून पाहा, बॅटरीतले सेल बदला आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा दाबायची रीत करून दाखवा. त्यानंतर काही दिवसांतच साखर कारखान्यांच्या मोळ्या पडतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात.